पाटणकर सरांचा गार तंबू

आमच्या कंपनीतून बाहेर पडणाऱ्या माणसाबरोबर दोन गोष्टी जातात: एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट आणि पाटणकर सरांचे किस्से. सर्टिफिकेटसाठी एचआरच्या मागे लागावं लागतं. किस्से न मागता मिळतात. मित्र जमले की म्हणतात, एखादा सांग. पण एक सांगायला घ्यावा तर त्याची शेपटी दुसऱ्यात अडकलेली असते. म्हणून ओळीनेच सांगतो.

कतारमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप यायला अजून काही उन्हाळे बाकी होते. सगळं दोहा खणून ठेवलेलं होतं आणि त्यातला थोडा खड्डा आमच्या कंपनीचा होता. आम्ही रस्ते बांधत होतो. पाटणकर सर प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे. भोसले प्लॅनिंग इंजिनियर, सांगलीचे, एम.टेक.; सरांचं वाक्य संपलं की ‘एक्झॅक्टली’ म्हणणं हे त्यांचं मुख्य काम. रॉबर्टकाका वसईचे, स्टोअर सांभाळायचे. मी नाशिकचा, सेफ्टीत नवा लागलेला. सर मला ‘कॉम्रेड’ म्हणायचे आणि त्यांना वाटायचं, हा विनोद आहे.

हे तिघे दर गुरुवारी अंधार पडल्यावर मेसईदच्या पलीकडे समुद्रावर मासे पकडायला जायचे. मी बॅचलर, लायसन्सवाला, म्हणून ड्रायव्हर. पण मी मुकाट्याने जायचो त्याचं कारण वेगळं होतं. साइटवर कामगारांच्या दुपारच्या विश्रांतीसाठी पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एक स्पॉट कूलर. म्हणजे चाकांवरचा एसी: पुढून गार हवा, मागच्या जाड पाइपातून गरम. त्या उन्हाळ्यात ते मशीनही आमच्याबरोबर मासे पकडायला यायला लागलं. ते शेडमध्ये परत गेलं पाहिजे, एवढाच माझा त्या छंदाशी संबंध.

*

सुरुवात मशीनच्याही आधीची आहे.

जूनमध्ये मी मीटिंगमध्ये सुचवलं की सळई बांधणाऱ्या गँगला रात्रपाळी द्यावी. दिवसा सळईला हात लावला तर ग्लोव्ह्जमधूनसुद्धा चटका बसतो. सरांनी मला समजावलं. रात्री माणसाची नजर चालत नाही, अपघात होतात, झोपेचं गणित बिघडतं, माणूस हा मुळात दिवसाचा प्राणी आहे. बराच वेळ ते माणूस या प्राण्यावर बोलले. केबिनमध्ये इतकं गार होतं की भोसल्यांनी जॅकेट घातलं होतं.

मीटिंग संपली. उठता उठता भोसल्यांनी विचारलं, की सर, मासे पकडायला शुक्रवारी सकाळीच गेलो तर?

सरांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘भोसले, ह्या उन्हात तासभर उभं राहून दाखवा मला. रात्रीच जायचं. रात्री माणसाची नजर कशी शांत असते.’

*

पहिल्याच गुरुवारी धर्मसंकट उभं राहिलं. सरांचा गुरुवार असतो, दत्ताचा. मासा खायचा नाहीच, पण पकडायचा का? आणि इथला वीकएंड तर गुरुवारी रात्रीच सुरू होतो.

सरांनी आधी तोडगा काढला की गळ टाकायचा, पण बाराच्या आत काही लागलं तर ते बादलीत जिवंत ठेवायचं, आणि शुक्रवार लागला की मग पकडलं असं धरायचं. बादली आणलीही. त्यावर भोसले म्हणाले की सर, बारापर्यंत कशाला थांबायचं? पुण्यात इथल्या साडेनऊलाच शुक्रवार लागतो. आपले दत्तमहाराज काही दोह्याच्या टाइमझोनमध्ये नाहीत.

सरांना हे फारच पटलं. शेजारी एक इजिप्शियन गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांना सरांनी हा शोध इंग्रजीत समजावून सांगितला. ते शांतपणे म्हणाले की आमच्यात तर सूर्य मावळला की शुक्रवारच. सर उठून त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन ‘शुक्रन, शुक्रन’ करत आभार मानू लागले. एका माशासाठी सरांनी तीन घड्याळं शोधली. दुपारच्या विश्रांतीला मात्र एकच घड्याळ होतं, साइट ऑफिसच्या भिंतीवरचं. विश्रांती संपायच्या वेळी ते नेहमी पुढे असायचं.

रॉबर्टकाका सिगारेट पेटवत म्हणाले, ‘अगोदर मासा तर लागू द्या, सर. त्याला वार आपण नंतर सांगू.’

नाहीच लागला.

*

आता मशीन. याचं सगळं श्रेय सरांच्या साडूला.

साडू अमेरिकेत, मिनेसोटात असतो. तिकडे हिवाळ्यात तळं गोठतं. साडू संध्याकाळी गाडी थेट बर्फावर नेतो, भोक पाडतो, वर तंबू ठोकतो, आत हीटर लावतो आणि अंधारात वॉलआय नावाचा मासा पकडतो. त्या माशाला अंधारात दिसतं म्हणे, टॉर्च मारला की डोळे गोट्यांसारखे चमकतात. व्हिडिओ जानेवारीतला. साडूने तो जुलैमध्ये पुन्हा फॅमिली ग्रुपवर टाकला. साडू ही जमातच तशी असते. त्यावर खुद्द पाटणकर वहिनींनी टाळ्यांचे इमोजी टाकले आणि लिहिलं, ‘भाऊजी, इथे तर अजून एकही नाही!’

सरांनी तो व्हिडिओ ऑफिसात आम्हाला दाखवला. मग सर म्हणाले, ‘तो बर्फावर ऊब नेतो. आपण वाळवंटात गारवा न्यायचा. सिंपल.’

‘एक्झॅक्टली,’ भोसले म्हणाले.

तंबू मिळाला, जनरेटर मिळाला. कंपनीत भिंतीला न ठोकलेला एसी एकच होता, शेडमधला. मी म्हटलं, सर, ते कामगारांसाठी आहे. सर म्हणाले, शुक्रवारी शेड रिकामीच असते, मशीन नुसतं बसून राहतं, आपण त्याला जरा फिरवून आणतो. मी विचारलं, शनिवारी सकाळी जागेवर येईल ना?

‘इन्शाल्ला,’ सर म्हणाले. इतकी वर्षं कतारमध्ये काढून त्यांनी एवढंच अरबी नीट शिकून घेतलं होतं.

*

तंबूचं उद्घाटन पाहण्यासारखं झालं. तोंड समुद्राकडे, आत चार खुर्च्या, फटीतून बाहेर काढलेल्या गळाच्या चार काठ्या. मशीन मागे. सरांनी बटण दाबलं, पडदा ओढून घेतला आणि साडूला पाठवायला फोटो काढला.

थोड्या वेळाने भोसल्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. सर म्हणाले, सुरुवातीला वेळ लागतो, वाळू तापलेली असते. भोसल्यांनी लेटंट हीटवर काही सांगितलं. ते एम.टेक. त्याच विषयात. सरांनी थर्मोस्टॅट आणखी खाली नेला. मशीन जोरात गुरगुरायला लागलं, आणि तंबूत डोक्याला झिणझिण्या येण्याइतकं उकडायला लागलं. दोघे घामाने निथळत डिझेलच्या क्वालिटीवर चर्चा करत होते. मला म्हटलं तर मजा येत होती.

रॉबर्टकाका कॉफी घेऊन बाहेरून आत आले, क्षणभर दारात उभे राहिले आणि त्यांनी बोट दाखवलं. गरम हवेचा जाड पाइप भोसल्यांच्या खुर्चीमागे, तंबूच्या आतच सोडलेला होता.

पाइप बाहेर काढला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मग सर गंभीरपणे म्हणाले, ‘म्हणजे टेस्टिंग झालं.’

*

ऑगस्ट आला आणि मशीन यायचं बंद झालं. म्हणजे शेडमध्ये. मासे पकडायला ते नियमित यायचं. पण दर आठवड्याला चढवायचं-उतरवायचं कशाला, म्हणून सरांनी ते आपल्या व्हिलाच्या पोर्चमध्येच ठेवून घेतलं. त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला मी स्वतः पाहिला.

यादव नावाचा फोरमन मला रोज सकाळी विचारायचा, ‘साहब, मशीन?’ बस, एवढंच. मी रोज सांगायचो, आज बोलतो. मी रोज बोलायचोही. सर म्हणायचे, आणतो रे, यल्ला, कामाला लाग.

एका दुपारी एक सळई बांधणारा चक्कर येऊन पडला. कामावर नाही, शेडमध्ये. विश्रांती घेताना. क्लिनिकमध्ये सलाइन लावल्यावर तो शुद्धीवर आला, पण त्यानंतर गँग शेडमध्ये जाईना. दुपारी माणसं टँकरच्या सावलीत झोपायला लागली, चाकांच्या मधे. सेफ्टीचा माणूस म्हणून मी त्यांना तिथून उठवायचं होतं. उठवून कुठे पाठवायचं, ते मॅन्युअलमध्ये नव्हतं.

त्या गुरुवारी तंबूत मी हे सगळं पुन्हा सांगितलं. सर ऐकत होते असं मला वाटलं. पण ते पाण्यात हात घालून आले होते आणि त्यांना वेगळंच काही उलगडलं होतं. मासा का लागत नाही ते कळलं म्हणाले. किनाऱ्याचं पाणी तापलंय. असं झालं की हामूर, म्हणजे आपला हेकरू, खोल गार पाण्यात जाऊन बसतो. ऊन असेपर्यंत हलत नाही. अंगाला सोसेल तेव्हाच वर येतो. ‘निसर्ग किती शहाणा असतो बघ.’

मी म्हटलं, ‘सर, मग आपल्या गँगलाही तेवढं...’

‘कॉम्रेड,’ सर मायेने म्हणाले, ‘माशांना हँडओव्हरची तारीख नसते.’

*

आणि मग खानोलकर आले.

कन्सल्टंटकडून कामगार कल्याणाचं ऑडिट करायला येणारा माणूस मराठी निघावा, आणि तोही खानोलकर, हे मला आमचं भाग्य वाटलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या एक मेच्या कार्यक्रमात श्रमाच्या प्रतिष्ठेवर ते असे बोलले होते की मुलंसुद्धा समोसे खायची थांबली होती. मी त्यांचं भाषण फोनवर रेकॉर्ड केलं होतं.

ते भर दुपारी शेडमध्ये आले. बसले. इतर ऑडिटवाले दारातून फोटो काढतात. हे आत पत्र्याला पाठ लावून बसले. थोड्याच वेळात त्यांचा शर्ट छातीला चिकटला. यादवने पाणी दिलं, ते कोमट होतं. खानोलकर उठून बाहेर आले आणि सर्वांसमोर सरांना म्हणाले, ‘पाटणकर, इथे मी माझं कुत्रंसुद्धा बांधणार नाही. मशीन कुठे आहे?’

सर म्हणाले, मेंटेनन्सला गेलंय. खानोलकर म्हणाले, एका आठवड्यात ते इथे दिसलं नाही तर तुमची साइट बंद करण्याची शिफारस मी स्वतः करीन. यादवला इंग्रजी फारसं कळत नाही, मराठी त्याहूनही कमी. पण त्याला हे सगळं कळलं. मी इतका खूश होतो की ऑफिसात जाऊन एकटाच हसलो.

आठवडा संपत आला. मशीन पोर्चमध्येच. सर म्हणत होते, खानोलकर बोलतात तसं करत नाहीत. मग मीच डोकं चालवलं. सरांना म्हटलं, गुरुवारी खानोलकरांना मासे पकडायला बोलवू या, ओळख वाढेल. सरांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, शिकायला लागलास.

मी तयारी केली. मशीन मागून काढून तंबूच्या मधोमध आणलं. त्याच्या एका कुशीवर स्टोअरच्या स्टेन्सिलने लाल रंगात मोठ्या अक्षरांत त्याची जागा रंगवलेली होती. त्यावरची वाळू मी ओल्या फडक्याने पुसली. खानोलकरांची खुर्ची बरोबर अक्षरांसमोर ठेवली. दिवा वर टांगला, त्याचा उजेड अक्षरांवर पडेल असा. रॉबर्टकाका माझ्याकडे पाहत होते. ते म्हणाले, ‘बाबा, तू गळ बरा लावतोस.’

खानोलकर आले. दमट हवेत वाळू तुडवत आल्याने त्यांना धाप लागली होती. सरांनी त्यांना आत घेतलं, खुर्चीत बसवलं, हातात काठी दिली. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मला हवं होतं तिथेच त्यांची नजर गेली. ते पुढे वाकले. त्यांनी एकेक शब्द सावकाश, मोठ्याने वाचला.

‘वर्कर्स. रेस्ट. शेल्टर.’

बाहेर जनरेटर चालू होता. भोसले आपल्या बुटांकडे पाहत होते. सरांच्या हातातली काठी खाली आली होती आणि त्यांच्या तोंडाला, त्या गारव्यात, घाम फुटलेला मी पाहिला. खानोलकर सरळ झाले. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मशीनकडे.

‘पाटणकर,’ ते म्हणाले, ‘याचं तोंड जरा माझ्याकडे फिरवता का?’