उघड्या सीटा

तरुणपणी माझ्या अंगात शहाणपण फार! नवऱ्याच्या नोकरीपायी थायलंडच्या दक्षिण भागात राहत होतो. बाजारात ओळीनं लावलेल्या स्कूटरच्या सीटा उघड्या दिसल्या, तर ही परोपकारी बया ‘उन्हानं तापतील हो’ म्हणत एकेक बंद करत सुटली. माणसं जीव घेऊन पळाली, सैनिक धावत आले. तिथे बंडखोर स्कूटरच्या सीटखाली बॉम्ब ठेवत. म्हणून आत काही नाही हे दिसावं, यासाठी जो तो सीट उघडी टाकून जाई. निरपराध असणंही रोज दाखवावं लागे.

आता इथे आपल्याकडे सोसायटीत सगळ्या सीटा मिटलेल्या. बघून अजून धस्स होतं, आणि करता काहीच येत नाही.

त्या दिवशी तिथल्या बाजारातून पळालेली माझ्या ओळखीची फळवाली परतली, तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, “तुझ्यावर राग नाही गं. पण पळताना मी लेकीचा हात सोडला, आणि तिला ते कळलंय.”