चावडीवरचं नाटक आणि कोरडी चारी

"मास्तर, पिळा त्याचा कान! बंद करा म्हन्तो न्हवं!"

तात्या चावडीच्या पायरीवरून ओरडत होते आणि मी रेडिओचं बटण सापडत नसल्याचं सोंग करत होतो. मला पुढं ऐकायचं होतं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. अंथुर्ण्याच्या चावडीत ग्रामपंचायतीचा रेडिओ नुकता आला होता. शाळामास्तर म्हणून त्याची बॅटरी, किल्ली आणि अब्रू माझ्या ताब्यात. रोज दिवेलागणीला तो बाजारभाव आणि हवामान सांगायचा. त्यामुळं त्यातून निघालेला शब्द म्हणजे सरकारी हुकूम, अशी गावाची समजूत. त्या दिवशी मात्र बाजारभावानंतर एका कादंबरीवरून केलेलं नाटक लागलं. ऐकायला अख्खा इंदापूर तालुका लोटला होता; कळंबच्या दोन म्हशी मी स्वतः मोजल्या. आता लोक टीव्हीवर असलं काही बघताना जांभया देतात.

नाटकात परग्रहावरचे कोणी येत. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत, नुसता आवाज. घशात वाळू भरल्यासारखा. ते आधी विहीर पीत, मग तळं. पिताना लांबलचक घरघर व्हायची आणि दर घरघरीला आमच्या कंदिलाची ज्योत खाली बसायची. बायकांनी घागरींवर पदर टाकले. माझ्या अंगावर असा काटा आला की सदऱ्याला भोकं पडली. तो सदरा घरी आहे, कुणीही येऊन बघावा. कालव्याची दारं सांभाळणारा सरकारी पाटकरी तेवढा खांबाला टेकून, पापणी न हलवता ऐकत होता.

मग तो आवाज म्हणाला, "नदी संपली. आता कालवा."

तात्यांचा धीर सुटला तो इथं. त्यांची दोन एकर उसाची लागण कोवळी होती आणि कचेरीत पाण्याचा अर्ज भरून मिळवलेली त्यांची कालव्याच्या पाण्याची पाळी सकाळी होती. ती हुकली की पुढची बारा दिवसांनी. तोवर कोंब करपले असते.

मी बटण पिळलं. कालव्याचं पुढं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

सकाळी तात्या मला दारातून ओढतच कालव्यातून शेतांकडं येणाऱ्या चारीवर घेऊन गेले. चारी कोरडी. आदल्या संध्याकाळी काठोकाठ वाहणारं पाणी गायब, आणि तळाच्या चिखलात मासे आवाज न करता तोंडं उघडत होते. चिखलावर पाऊल नाही, खूर नाही. एकही बेडूक बोलत नव्हता.

"नेलं, मास्तर," तात्या म्हणाले आणि बांधावर बसले.

खोटं बोलण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, पण त्या घडीला एकही थाप सुचेना. तात्यांना उठवून आम्ही चारीच्या तोंडाकडं निघालो. मी मागं चाललो होतो, तात्यांची पाठ राखायला.

तोंडाशी कालव्याचं दार खाली पाडून बंद केलेलं, वर कुलूप. पाटकरी दाराला पाठ लावून बसलेला, मांडीवर काठी, डोळे आभाळात. आमच्याकडं त्यानं पाहिलंही नाही. सूर्य कासराभर वर आल्यावर उठला आणि कुलूप काढलं. पाणी निघालं तेच मुळी घरघरत, हुबेहूब रेडिओसारखं. तात्या दोन पावलं मागं सरले.

दुपारी सगळे कोंब भिजले, तेव्हा कुठं तात्या पाटकऱ्याजवळ गेले. दार का पाडलंस रे, म्हणून त्यांनी विचारलं.

पाटकऱ्यानं तंबाखू मळली.

"त्या रेडिओतल्यांनी पान्याचा अर्ज भरला न्हवता," तो म्हणाला.