मधल्या रांगेतली काठी

आमच्या लेकीच्या अपार्टमेंटमागं एक तळं होतं. अमेरिकेत, अल्फारेटाला. तळं कसलं, पावसाचं पाणी जमावं म्हणून बिल्डरनं केलेला खोलगट खड्डा तो, पण चहूबाजूंनी पाइन वाढलेले, आणि सकाळी पाण्यावर असं धुकं बसायचं की पलीकडच्या बिल्डिंगा पुसूनच जायच्या. चहाचा कप घेऊन मी बाल्कनीत उभी राहायची आणि मला वाटायचं, पलीकडं आता आपलंच गाव असणार. मी भंडाऱ्याकडची. आमच्याकडं गावागणिक तळी. त्यामुळं पाणी दिसलं की पलीकडं गाव असणारच, हे माझ्या मनात पक्कं बसलेलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. जावयाच्या ऑफिसात सगळे दोन हजार सालाच्या धास्तीनं रात्रंदिवस कॉम्प्युटर दुरुस्त करत होते, लेक तिच्या नोकरीवर, आणि घरात आम्ही दोघं. मी आणि आमचे हे.

ह्यांच्या उजव्या अंगावरून आदल्या वर्षी वारं गेलं होतं. तसे नशिबानं वाचले. चालायला लागले, बोलणं सुधारलं, हातही हलायला लागला. पण हाताची जाणीव परत आली नाही. अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाला थोडं कळायचं, बाकीची बोटं बधिर. कप धरलाय की सुटलाय, हे बघून ठरवायला लागायचं. जेवताना तर फारच. भात कालवायचा तो गरम आहे की गार, घास झाला की नाही, काही कळेना. मग त्यांनी डाव्या हातात चमचा धरला, आणि डाव्या हातानं खायची लाज म्हणून ताट घेऊन आतल्या खोलीत जायला लागले. एवढा मोठा टेबल, आणि आम्ही तिघं जेवायचो. आतून चमच्याचा आवाज यायचा.

तिथल्या थेरपीवाल्या बाईनं उपाय सांगितला होता. परातीत तांदूळ घ्यायचे, त्यात बटणं लपवायची, आणि न बघता चाचपून काढायची. चांगला उपाय होता, पण दोन दिवस करून ह्यांनी परात सरकवली.

"आयुष्यभर कालव्यावर माणसं हाताखाली राबवली, आता तांदूळ निवडत बसू काय?"

"मी चाळीस वर्षं निवडतेय," मी म्हटलं. "मला नाही कोणी विचारलं."

हसले नाहीत. पूर्वी हसले असते.

हे पाटबंधारे खात्यात होते. सुट्टी मिळाली की कालव्याच्या कडेला गरी टाकून बसायचे. गळाला आमच्याकडं गरी म्हणतात. वेळूची काठी, दोरा, आणि दोरा असा पहिल्या बोटावरून घेतलेला. त्याच बोटावरून. हे मला त्या तळ्याकडं बघताना आठवलं, आणि मी जावयाला म्हटलं, जावईबापू, ह्यांना एक गरी आणा.

बिचाऱ्यानं त्याच संध्याकाळी आणली. पण आपल्या लोकांची खोड तुम्हाला ठाऊक आहे, वस्तू घ्यायची तर दणकट घ्यायची, पिढ्यान् पिढ्या टिकेल अशी. तसली काठी. अंगठ्याएवढी जाड, समुद्रातल्या माशासाठी केलेली. हे म्हणाले, "यानं म्हैस ओढता येईल." तरी आम्ही तळ्यावर गेलो, मासे धरायचं लायसन्स खिशात ठेवून बसलो. त्या तळ्यात बास नावाचा हिरवट मासा होता, तोंड मोठं पण खाणं फार नाजूक, आमिष चोखून बघतो आणि पटलं नाही की थुंकून देतो. मला पाण्यात शिरलेला दोरा थरथरताना दिसायचा. ह्यांना काठीतून काहीच कळायचं नाही. चार दिवसांनी काठी कपाटामागं उभी केली आणि म्हणाले, "काठीचा दोष नाही. हात गेला माझा." पुन्हा ताट घेऊन आत.

ते वाक्य मला फार लागलं. शनिवारी मी दोघांना गाडीत घातलं आणि मासेमारीच्या सामानाच्या दुकानात नेलं. म्हणजे नेलं जावयानं, हट्ट माझा.

पाइनचा पिवळा पराग पडायचे दिवस होते. गाड्या, पायऱ्या, डबकी, सगळं हळदीनं माखल्यासारखं. दुकानात मात्र अंधारं, गार, आणि रबराचा वास. काठ्या भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगेनं उभ्या, जणू वाळलेल्या बोरूचं बन. दुकानदार माझ्याच वयाचा, टोपीवाला, बोलणं इतकं सावकाश की मला इंग्रजी कळतं असं पहिल्यांदाच वाटलं. जावयानं त्याला हाताचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुम्हाला हलक्या हाताची काठी पाहिजे. याला ते लोक फिनेस म्हणतात. बारीक दोरा, इवलंसं रबरी गांडूळ, आणि टोक असं की माशानं नुसतं हुंगलं तरी मुठीत कळावं. स्पिनिंगची काठी घ्या, म्हणजे दोरा गुंडाळायचं रीळ खाली लटकतं, हाताला ओझं होत नाही.

त्यानं तीन रांगा दाखवल्या. स्वस्त, मधली, महाग. आणि पारखायची एक रीत दाखवली, ती मी कधी विसरले नाही. काठीची मूठ जावयाच्या हातात दिली, टोक स्वतःच्या गळ्याला टेकवलं आणि बोलायला लागला. जावई चकित. "आई, आवाज हातात येतोय."

मी म्हटलं, आता आमची पाळी. मूठ ह्यांच्या उजव्या हातात, टोक माझ्या गळ्याला. आणि आता बघा, जन्मभर जिला हे 'तोंडाचा पट्टा बंद कर' म्हणत आले, तिला एक शब्द सुचेना. शेवटी बाजाराची यादी म्हटली; आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तेही तसंच. "वांगी, मिरच्या, सांबार, लसूण."

"लसूण आहे घरी," हे म्हणाले.

"अहो, कानानं नाही ऐकायचं."

दुकानदाराला काही कळलं नाही, तरी तो हसला. मग मी तोंड मिटलं, त्यांना डोळे मिटायला सांगितलं, आणि नुसता हुंकार धरला, लेकराला थोपटताना धरतो तसा. स्वस्त काठीत काही नाही. ह्यांचा चेहरा तसाच. मग महाग रांगेतली. ती लागताच भुवया वर गेल्या.

"आलं."

"मग हीच घेऊ," जावई म्हणाला. पण ह्यांनी ती काठी परत रांगेत कशी ठेवली, ते मी बघितलं. दोन्ही हातांनी, कोणाचं तान्हं बाळ परत करावं तशी. तिथंच मला कळलं. रिटायर होताना मिळालेलं पेन अजून डबीत आहे. लेकीनं पाठवलेला स्वेटर घडीत आहे. ही काठी घरी आली तर कपाटात उभी राहील, आणि पाहुण्यांना दाखवायला तेवढी बाहेर येईल.

"ही नको," मी म्हटलं. "मधल्या रांगेतली बघू."

"आई, पैशाचा विचार करू नका ना."

"पैशाचा नाही करत. कपाटाचा करते."

मधल्या रांगेतल्या आम्ही पाच-सहा तरी बघितल्या. एकीची फोमची मूठ त्यांच्या हातातून निसटायची. एक पुढं जड, टोक सारखं खाली झुकायचं. माझा घसा सुकला हुंकारून. मग एक मिळाली. बुचाची मूठ, भरीव, हातात बसणारी. साडेसहा फूट लांब आणि वजन जवळजवळ नाहीच. टोक बारीक, वाकायचं ते फक्त टोकाशी, खाली काठी ताठ. आणि मुख्य म्हणजे, रीळ बसतं त्याच्या पुढं मूठ थोडी कापलेली होती, म्हणजे पहिलं बोट थेट उघड्या काठीवर टेकायचं. तेच बोट, जे थोडं जिवंत होतं.

मी हुंकार धरला. हे डोळे मिटून उभे. दुकानात कोणीतरी रीळ फिरवत होतं, त्याचा भुंग्यासारखा आवाज.

"आहे," हे म्हणाले. "पण लांबून येतंय."

तीच घेतली.

मग आमच्या सकाळी सुरू झाल्या. घडीच्या दोन खुर्च्या, थर्मास, धुकं. हे गांडूळ टाकायचे, तळाशी जाऊ द्यायचे, टोक जरासं हलवायचे, मग थांबायचे. थांबणं हेच त्यातलं मोठं काम. धुक्यात बदकं दिसायची नाहीत, नुसता त्यांचा आवाज तरंगत यायचा. कधी कधी मला आपण कुठल्या देशात बसलोय ते खरंच आठवायचं नाही, आणि आठवावं असंही वाटायचं नाही.

आता एक कबुली देते. मी दोऱ्यावर नजर ठेवून असायची. दोरा थरथरला की खोकायची. हलकंच. हे लगेच काठी उचलायचे. पहिल्या आठवड्यात असे तीन मासे आले, हातभर नाही, वीतभर. हे ते पाण्यात सोडून द्यायचे. इकडं मी घरी मसाला वाटून ठेवलेला, आणि तिकडं हे माशाला निरोप देतायत. पण चेहऱ्यावर थोडा उजेड दिसायचा, म्हणून मी खोकत राहायची. लेक म्हणाली, आई, तुला परागाची ॲलर्जी झाली, डॉक्टरकडं चल.

असे किती आठवडे गेले कोण जाणे. एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की काठीचं टोकही दिसेना, दोरा तर सोडाच. मी शाल गुंडाळून बसले, आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागला. झोपेत मी आमच्या गावच्या तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर होते, कोणी तरी पलीकडून हाक मारत होतं. पाण्याची खळबळ ऐकून जागी झाले. हे उभे होते. काठीचं टोक वाकलेलं, रीळ कुरकुरत होतं, आणि धुक्यातून एक मासा ओढत ओढत काठाला आला. चांगला मोठा होता, दोन वेळचा रस्सा झाला असता.

ह्यांनी त्याच्या तोंडातून गरी सोडवली, हात पाण्यात बुडवला आणि त्याला जाऊ दिलं. मग हात पुसत माझ्याकडं बघितलं.

"आज खोकला नाही आला तुला."

म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं त्यांना.

"मग कळत होतं तर गप्प का राहिलात?"

"तू एवढी कष्टानं खोकत होतीस," ते म्हणाले. "कशाला मोडता घालायचा."

मी थर्मासमधला चहा ओतला. त्यांनी तो उजव्या हातात घेतला. लगेच डाव्या हातात बदलला. पोळलं होतं. दोघांनीही ते बघितलं.

"कसं लागलं हाताला?" मी विचारलं. "मासा लागला तेव्हा?"

त्यांनी जरा विचार केला. त्यांना पहिल्यापासून नीट शब्द शोधायची सवय.

"तू दुकानात हुंकार धरला होतास ना, तसंच," ते म्हणाले. "पण जवळ."

त्या संध्याकाळी मी चार ताटं वाढली आणि टेबलावरच ठेवली. हे आले, ताटाकडं बघितलं, खुर्ची ओढली, आणि वरणभातात उजव्या हाताची बोटं घातली.