बॉनेटखालच्या दोन रेघा

गाडी नेली की दगडूमामा आधी बॉनेट उघडायचे आणि त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने ओढलेल्या रेघा मोजायचे. एक रेघ म्हणजे एक पोळा. पाच पोळे झाले की इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलायचा, मग गाडी किती का चाललेली असेना. राजूरला देवळाच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. घराणं मेंढरं राखणारं, पण मामा लहानपणीच गाड्यांच्या नादी लागले ते कायमचे. वडिलांचे ते जुने दोस्त.

वडील गेल्यावर त्यांची मोटार हसनाबादच्या घरी उभीच असे. मी पुण्याहून पोळ्याला यायचो, तेवढीच ती चालायची. दुसरी रेघ ओढून घेताना मी शहाणपणा केला. म्हणालो, मामा, वर्षाला दोनशे किलोमीटरही होत नाहीत, पाच वर्षांत पट्ट्याला काय होणार आहे? त्यांनी दुसऱ्या कुठल्या गाडीचा काढलेला पट्टा माझ्यासमोर उलटा वाकवला. सगळ्या भेगाच होत्या.

"भाचेबुवा, रबर हाय हे. गाडी उभी राह्यली म्हणून त्याचं वय थांबत न्हाई. बाहेरचा पट्टा करकर तरी करतो, हा बिलकुल बोलत न्हाई. एकदम तुटतो, अन् मंग इंजनच जातं."

मग चहा आला आणि मामा वडिलांच्या गोष्टी सांगत बसले. त्या मोटारीत वडील अजून बसलेले आहेत, असं मला फक्त त्या गॅरेजात वाटायचं.

त्यानंतर माझे दोन पोळे हुकले. एकदा नोकरी आडवी आली, एकदा मुलीची परीक्षा. मामांचा फोन यायचा, रेघ राहिली म्हणून. मी म्हणायचो, पुढच्या पोळ्याला नक्की. गाडी काय कुठे पळून जाते?

यंदा पाचवा पोळा. गेलो, तर गॅरेज बंद. मागच्या घरातून मामी आल्या. मामा उन्हाळ्यातच गेले होते. माझा नंबर फक्त त्यांना तोंडपाठ होता, लिहून कुठेच ठेवलेला नव्हता, म्हणून मला कुणी कळवू शकलं नाही. मामींनी आतून एक नवा पट्टा आणून माझ्या हातात ठेवला. पाकिटावर पांढऱ्या रंगात 'हसनाबाद' लिहिलेलं होतं.

"दोन्ही पोळ्याला रोडवर खुर्ची टाकून बसल्ते," मामी म्हणाल्या. "मी म्हणलं, पट्ट्यासाठी एवढं काय? तर म्हणले, पट्टा कुणी बी बदलून देईल. रेघेच्या बहाण्यानं पोरगं येतं."



पट्टा मी भोकरदनला बसवून घेतला. जुना काढल्यावर हातात घेऊन उलटा वाकवला. सगळ्या भेगाच होत्या. मिस्त्री कपडा घेऊन बॉनेट आतून पुसायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला. तिथे रेघा अजून दोनच आहेत.