भाऊंच्या निरोपाचं भाषण

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. बायको म्हणते, तुमच्या डोक्यावर पापड भाजून निघेल. त्याच डोक्यापायी जवाहरनगरच्या कंपनी बसमध्ये एका सकाळी मी हातातले सगळे पत्ते खिडकीबाहेर फेकले.

झालं असं. भंडाऱ्याहून निघणाऱ्या त्या बसमध्ये आम्हा चौघांचा मेंढीकोटचा डाव रोज पडायचा. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोघं दोघं, गुडघ्यांवर प्लायवूडची फळी. माझे भिडू आमच्याच सेक्शनचे, जवळच्या कारधा गावचे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो. बारा वर्षं आम्ही एकमेकांचे भिडू होतो. त्यांच्या भुवईवरून मला कळायचं, एक्का यांच्याकडे आहे की नाही.

निवडणुकीचे दिवस होते. भाऊंचा नेता वेगळा, माझा वेगळा. मत मी आजही माझ्याच साहेबाला देतो, ते सोडा. आधी नुसती चेष्टा चालायची. मग भाऊ रोज मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवायला लागले अन् मी त्याच्यावर दुसरा. त्या सकाळी ते म्हणाले, "तुहा साहेब चोर हाय. पक्का चोर."

"अन् तुमचा काय देव हाय?"

"हो, देवच हाय!"

"मग त्याच्याच संगं खेळा ना!" असं म्हणून मी पत्ते भिरकावले. कॅटमधली चौकटची दश्शी कुठे पडली, देव जाणे. डाव तिथंच संपला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ स्कूटरनं यायला लागले. सेक्शनमध्ये आमची टेबलं समोरासमोर, पण तोंडातून शब्द नाही. अन् त्यांच्या रिटायरमेंटला उरले होते फक्त अडीच महिने. हेच मला आतून खात होतं. एकदा माणूस घरी बसला, की कारध्याला जायला मला निमित्त तरी काय राहणार? रोज सकाळी ठरवायचो, आज आपणच बोलू. रोज ते माझ्याकडे पाठ करून चहा प्यायचे अन् माझं डोकं पुन्हा सटकायचं.

अडीच महिने असेच गेले अन् निरोप समारंभाचा दिवस आला. हार, शाल-श्रीफळ, समोसे, भाऊंच्या शेजारी नव्या साडीत वहिनी. भाषणं सुरू झाली. "भाऊ म्हणजे देवमाणूस!" "कधी कोणाला वावगा शब्द नाही!" दर वेळी कोणी रिटायर झालं की हेच भाषण, फक्त माणूस बदलतो. ज्याला भाऊंनी मागच्याच आठवड्यात दारातून हाकललं होतं, तोही हेच बोलत होता. मला राहवेना. कोणी नाव पुकारायच्या आधीच मी उठलो अन् माईक घेतला.

"देव-बिव काही नाही," मी म्हणालो. "हा माणूस भयंकर तोंडाळ आहे. स्वतःची चूक मेला तरी मान्य करणार नाही. पत्त्यांत डोळे मारून खुणा करतो. पण माझे वडील वारले तेव्हा ऐन धान रोवण्याचे दिवस होते. लावायला उपटलेले धानाचे परे शेताच्या बांधीत तसेच टाकून हा चार दिवस माझ्या घरी बसला. पाचव्या दिवशी म्हणाला, पुरे झालं रडणं, उद्या बसमध्ये दिस. आता उद्यापासून हा बसमध्ये दिसणार नाही, अन् मला ते सहन होऊन नाही राहिलं. बस."

माईक ठेवून मी खाली बसलो. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, समजेना.

भाऊ उठले. म्हणाले, "हा एकटाच खरं बोलला. बाकीच्याईनं तर मले जित्तेपणीच फोटोत बसवलं होतं. हार बी घातला." हॉल खो खो हसायला लागला.

नंतर बाहेर कडुनिंबाखाली मी समोशाची प्लेट घेऊन उभा होतो, तर भाऊ जवळ आले. "माह्याबद्दल बोललास, तसं आता तुह्या साहेबाबद्दल बोल. दोन खोड्या सांग अन् एक चांगली गोष्ट. ऐकलेली नाही, पाहिलेली."

मी तोंड उघडलं अन् अडकलो. साहेबांना मी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, तेही सभेत, मंडपाच्या शेवटच्या खांबाजवळून.

"तुमीच सांगा ना तुमच्या देवाचं," मी म्हणालो.

भाऊंनी मान हलवली. "त्याले भाजीत तिखट चालते का नाही, तेवढंही मले माहीत नाही बे."

"मंग अडीच महिने आपण कायले बोललो नाही?" असं म्हणताना भाऊंचा आवाज चिरकला.

मला चक्क रडू आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हातात प्लेट, अन् डोळ्यांतून धारा. भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "रड, रड. पण समोसा इकडं दे. थंडा होऊन राहिला."