तळहातावरची चापट

आमच्या सुनेला घरात सगळे चापटबाई म्हणत. चमचा मागा, चष्मा मागा, ती वस्तू टेबलावर ठेवायचीच नाही. तुमच्या तळहातावर फाडदिशी आपटणार. पहिल्यांदा मी ओरडलेच, "अगं, सासूवरचा राग काढतेस की काय?" तर म्हणाली, "आई, ऑपरेशन करताना डॉक्टर मान वर करत नाहीत. वस्तू हातात नीट बसली, हे त्यांना चापटीवरनंच कळतं."

ती ऑपरेशनच्या खोलीतली नर्स. मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून शब्द निघायच्या आत हातात कात्री. हयात त्यातच गेली तिची.

मग रोबो आला. रोग्यापाशी रोबोचे हात, आणि डॉक्टर कोपऱ्यात एका पेटीत तोंड खुपसून, तिथून ते हात चालवत बसलेले.

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या!" मी म्हटलं. ती हसली नाही.

आता नर्सने रोबोच्या हातांना प्लास्टिकचे झगे चढवायचे, त्याची अवजारं बदलायची. तरण्या पोरी भराभर शिकल्या. हिला सांगितलं, रोबोचं एक ऑपरेशन सांभाळून दाखवा; नाही जमलं तर खाली, अवजारं धुवायच्या खोलीत.

त्या संध्याकाळी चपला न काढताच पलंगावर बसली.

"काय झालं गं?"

"डॉक्टर कोपऱ्यातनं म्हणाले, कात्री. आणि आई, मी चालत गेले. रोग्याला सोडून गेले नि त्यांच्या हातात कात्री आपटली."

"मग? मागितली, दिलीस."

"रोबोच्या हाताला लावायची होती ती! कोपऱ्यातली जागा निर्जंतुक नसते. कात्री गेली, माझे हातमोजे गेले. सगळं थांबलं. मी हात धुवून येईपर्यंत रोगी तसाच भुलीत."

"ओरडले डॉक्टर?"

"ओरडले असते तर बरं. नुसते त्या कात्रीकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'सिस्टर, तुम्ही दमलात.'"

मुलगा म्हणाला, "चला, तासन्‌तास उभं राहणं तरी सुटलं." मी डोळे वटारले. सांत्वन करायला गेलं की या पोराचं हे असं होतं.

आता ती खाली असते. वाफेने ओली होऊन येते. रोगी म्हणे हल्ली लवकर बरे होतात. होऊ देत बापडे. त्यावर रागवायला तोंड कुठाय?

काल जेवताना मी मुद्दाम हात पुढे केला. पंजा ताठ, चापट खायला तयार.

"मीठ दे गं."

तिने वाटी उचलली, माझ्या हाताच्या बाजूने नेली आणि आवाज न करता टेबलावर ठेवली.

मी हात तसाच धरून बसले.

"आई, अजून काय हवंय?" मुलाने विचारलं.

"काही नाही," म्हटलं, आणि हात मागे घेतला.