उलटं बटन

दवाखान्यातून मुलाचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होते. "आई, बाबा गेले..." एवढंच तो बोलला. टाकी भरून वाहू लागली तरी मी पाइप धरून उभीच. दुपारी सुट्टी होऊन हे घरी येणार, आल्याबरोबर कूलर हवा, म्हणून माझी सगळी घाई चालली होती. त्याला आता महिना उलटून गेला.

हा कूलर ह्यांनीच बनवलेला. नागपूरचा उन्हाळा, त्यात सारखी वीज जायची, म्हणून त्यांनी बॅटरीवरची मोटर बसवली अन् वेग कमी-जास्त करायला स्वतःच एक सर्किट जोडलं. मला वाटायचं, बटन फिरवलं की वीज कमी जात असेल. ते हसायचे. "कमी नाही देत वं. पुरीच देतो, पण चालू-बंद, चालू-बंद, सेकंदात शेकडो वेळा. जितका वेळ चालू, तितका जोर. मधात बंद होते ते पंख्याले समजतच नाही, तो आपल्या ओघात फिरून राहिला." त्या चालू-बंदची बारीक गुणगुण मला मात्र ऐकू यायची. पूर्ण वेगावर मधलं बंद होणंच संपतं, म्हणून तिथं गुणगुण नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

फक्त बटनाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या. डावीकडे फिरवलं की वेग वाढतो, उजवीकडे कमी. कितीदा म्हटलं, सरळ करा. "काहून? आपल्या दोघाले तर मालूम आहे ना," म्हणायचे. त्यांना पूर्ण वेग लागे, मला लगेच सर्दी. जेवणं झाली की रोजचं भांडण. शेवटी तेच उजवीकडे फिरवायचे आणि ओला दुपट्टा खांद्यावर टाकून पेपर वाचत बसायचे. रागानं नाही, अगदी मजेत.

ते गेल्यावर भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं. गरम होतं म्हणून जो तो बटन उजवीकडे फिरवी, अन् पंखा आणखीच मंदावे. "बिघडला वाटते," कुणीतरी म्हणालं. मी पदरानं वारा घेत राहिले. मग सगळे आपापल्या घरी गेले, मुलगाही पुण्याला. निघताना म्हणाला, "नवा घेऊन देतो आई, हा कोणाले समजत नाही." खरंच आहे... तो समजणारी आता मी एकटीच उरले. फार एकटं वाटतं, लपवून काय करू.

नवा नको म्हटलं त्याला. दुपारी एकटीचं जेवण होतं. कूलर आता माझ्या मर्जीचा, भांडायला कुणी नाही. मी बटन डावीकडे, पार टोकापर्यंत फिरवते. गुणगुण थांबते. मग शाल पांघरून त्यांच्या खुर्चीसमोर बसते, नाक गळायला लागेपर्यंत.